बिटकॉइन, ई-रुपया आणि निफाडची द्राक्षबाग

प्रश्न असा आला आहे: "मी बँक भरतीच्या परीक्षेची तयारी करतोय. मित्र म्हणतात, बिटकॉइन, स्टेबलकॉइन आणि ई-रुपया आल्यावर दहा वर्षांत बँकाच राहणार नाहीत. यात कितपत तथ्य आहे? तयारी चालू ठेवू की सोडू?"

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे माझा चष्मा कुठल्या नंबरचा आहे ते कळेल. १९९३ साली एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि २९ वर्षं काढली. सुरुवात पितळी टोकन आणि लेजरच्या जमान्यात झाली. २०१२ ते २०१५ निफाड तालुक्यातल्या एका शाखेत शाखाधिकारी होतो, शेवटची वर्षं मुंबईत ट्रेझरीत, म्हणजे बँकेचे रोखे आणि परकीय चलन सांभाळणाऱ्या विभागात गेली. त्यामुळे उत्तर बँकांकडे थोडं झुकलेलं असेल. ते तेवढं वजा करून वाचा.

तुमच्या मित्रांनी तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. बिटकॉइन हे कोणाचंच देणं नाही. त्यामागे कोणी उभं नाही, आणि त्याच्या चाहत्यांना तोच त्याचा गुण वाटतो. स्टेबलकॉइन म्हणजे एका खासगी कंपनीचं वचन: एक नाणं आणा, एक डॉलर घेऊन जा. ई-रुपया हे थेट रिझर्व्ह बँकेचं देणं आहे, खिशातल्या नोटेसारखंच, फक्त कागद नाही. चौथी गोष्ट यूपीआय. तिलाही लोक सर्रास डिजिटल चलन म्हणतात, पण ते चलनच नाही. तो तुम्ही बँकेला धाडलेला निरोप आहे: माझ्या खात्यातले एवढे काढ, त्याच्या खात्यात टाक. पैसा बँकांमधला बँकांमध्येच राहतो.

आता बँक नेमकं करते काय, ते बघू. बहुतेकांना वाटतं की बँक म्हणजे तिजोरी आणि पैसे इकडून तिकडे पाठवायची सोय. बँकेचं काम एवढंच असतं तर तुमचे मित्र जिंकले असते. पण ही दोन्ही कामं बँकेची हमाली आहे. धंदा वेगळाच आहे.

निफाडला एक बागायतदार होता, अडीच एकर द्राक्ष. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर पीककर्जाला आला. मी सातबारा आणि आठ-अ पाहिला, सिबिल काढलं आणि मग बागेत गेलो. बाग कशी राखली आहे, डाउनी रोगाचा डाग दिसतो का, विहिरीला पाणी किती, आदल्या वर्षी माल कोणत्या व्यापाऱ्याला दिला आणि त्याने पैसे बुडवले का, हे सगळं विचारलं. चार लाखांची मर्यादा मंजूर केली. त्यातून त्याने औषधवाल्याला ६० हजारांचा चेक दिला. औषधवाल्याचं खातं आमच्याच शाखेत होतं. संध्याकाळी हिशेब असा झाला: औषधवाल्याच्या खात्यात ६० हजार जमा, बागायतदाराच्या नावे ६० हजार कर्ज. गावातल्या दुसऱ्या कोणाच्याही खात्यातून एक रुपया कमी झाला नाही. सकाळी नसलेले ६० हजार संध्याकाळी अस्तित्वात आले. (औषधवाल्याचं खातं दुसऱ्या बँकेत असतं तर रात्री क्लिअरिंगमध्ये आम्हाला रिझर्व्ह बँकेतल्या आमच्या शिलकीतून ते चुकवावे लागले असते. म्हणूनच कोणतीही बँक मनात येईल तितका पैसा तयार करू शकत नाही. भांडवलाची अट असते, सीआरआर म्हणून ठेवींचा काही भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो, आणि ठेवींच्या १८ टक्के एसएलआर म्हणून मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावे लागतात.)

मराठीत याला फार नेमका शब्द आहे: पत. पतपेढी, पतपुरवठा, पतधोरण, सगळीकडे तोच आहे. बँक माणसाची पत जोखते आणि त्या पतीचा पैसा करते. बिटकॉइनला हे जमत नाही, कारण ते त्यासाठी बनवलेलंच नाही.

त्याची एकूण संख्या २ कोटी १० लाखांवर बांधलेली आहे. हे ऐकायला शिस्तीचं वाटतं, पण ज्याने शेतीच्या गावात बँक चालवली आहे त्याच्या अंगावर काटा येतो. पैशाची गरज हंगामाप्रमाणे फुगते आणि ओसरते. रिझर्व्ह बँक पूर्वी वर्षातून दोनदा पतधोरण जाहीर करायची, एक बिझी सीझनसाठी आणि एक स्लॅक सीझनसाठी. ऑक्टोबरपासून कापूस, ऊस, भात बाजारात यायला लागला की व्यापाऱ्याला, गिरणीला, कारखान्याला एकदम पैसा लागतो आणि उन्हाळ्यानंतर तो परत येतो. जे चलन हंगाम ओळखत नाही, त्यावर लासलगावचा कांद्याचा लिलावसुद्धा चालणार नाही.

"पण क्रिप्टोमध्येही कर्ज मिळतं की," असं मला पुतण्याने ऐकवलं होतं. मिळतं. शंभराचं कर्ज हवं असेल तर दीडशेची नाणी आधी तारण ठेवायची. हे सोनेतारण झालं, आणि सोनेतारण वाईट नाही, अडीनडीला घरोघरी तेच कामाला येतं. पण ज्याच्याकडे सोनं नाही आणि चांगली बाग आहे, त्याने कुठे जायचं?

शिवाय तारणाचा भाव पडला की काय होतं तेही बघा. १२ मार्च २०२० ला इथर या क्रिप्टो नाण्याचा भाव एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त कोसळला. मेकरडाओ नावाच्या क्रिप्टो कर्जव्यवस्थेत कर्जदारांची तारणं आपोआप लिलावात गेली. त्या गोंधळात काही लिलावांत बोली शून्याची लागली आणि सुमारे ८० लाख डॉलरचं इथर फुकटात गेलं. प्रोग्रॅमने सांगितलेलं काम चोख केलं. आता २०१४ चा फेब्रुवारी-मार्च आठवा. महाराष्ट्रभर गारपीट झाली, निफाडमध्ये तोडणीला आलेले घड जमिनीवर पडले. त्या बागायतदाराचं तारण त्या दिवशी जवळपास शून्य होतं. आम्ही पंचनामे पाहिले, रिझर्व्ह बँकेच्या नैसर्गिक आपत्तीच्या नियमांप्रमाणे कर्जाचं पुनर्गठन केलं, हप्ते पुढे ढकलले. सगळे परत आले असं म्हणणार नाही, काही खाती बुडाली. हा बागायतदार मात्र दोन हंगामांत नियमित झाला.

वेगाबद्दलही एक गैरसमज आहे. बिटकॉइनचं मूळ जाळं सेकंदाला साधारण ७ व्यवहार पेलतं. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर महिन्याभरात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सरासरी सात हजारांच्या वर. अमेरिकेत डिजिटल चलनाचं कौतुक होतं त्याचं एक कारण असं की तिथे बँकेतून बँकेत पैसे पोचायला अजूनही अनेकदा एक-दोन दिवस लागतात. आपल्याकडे आयएमपीएस २०१० पासून आहे, एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं. त्यांचा आजार आपल्याला नाही, म्हणून त्यांचं औषध इथे तितकंसं खपत नाही.

आता स्टेबलकॉइन. हा विषय मी हसण्यावारी नेणार नाही.

खासगी कंपनीने स्वतःचा पैसा काढणं नवं नाही. बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये निघाली आणि ती स्वतःच्या नोटा छापायची. बंगाल आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी बँकाही छापायच्या. १८६१ च्या कायद्याने नोटांचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. पुढे अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्यातून शेअरचं आणि बॅकबे भरावाचं वेड लागलं, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं आपटलं. बँक ऑफ बॉम्बेने शेअरच्या तारणावर सढळ हाताने कर्जं दिली होती. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. नोटा तोवर तिच्या राहिल्या नव्हत्या, म्हणून नोट धरणारा माणूस वाचला.

स्टेबलकॉइन धरणाऱ्याला असं कवच नसतं. टेरायूएसडी हे नाणं मे २०२२ मध्ये काही दिवसांत मातीमोल झालं आणि त्याच्या जोडीच्या लुना नाण्यासह सुमारे ४,००० कोटी डॉलरचं मूल्य गेलं. त्यामागे डॉलर नव्हतेच, गणित होतं, आणि वर ठेवीवर जवळपास २० टक्के व्याजाचं आमिष. आवळा देऊन कोहळा काढायची रीत जुनीच, फक्त वेष्टन नवं. ज्यांच्यामागे खरोखर डॉलर आहेत त्यांचीही एक गंमत सांगतो. १० मार्च २०२३ ला अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीच्या सुमारे ४,००० कोटी डॉलरच्या राखीव निधीपैकी ३३० कोटी त्या बँकेत अडकले होते. एक डॉलरचं म्हणवणारं नाणं ८८ सेंटच्या आसपास घसरलं. अमेरिकन सरकारने सगळ्या ठेवी सुरक्षित असल्याचं जाहीर केलं तेव्हा कुठे ते सावरलं. बँकांना पर्याय म्हणून निघालेलं नाणं शेवटी एका बँकेच्या ठेवीवर उभं होतं.

तरीही एका जागी स्टेबलकॉइनने बँकांच्या वर्मावर बोट ठेवलं आहे: परदेशातून येणारा पैसा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून भारतात आलेल्या अशा रकमेचा २०.५ टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा होता, सगळ्या राज्यांत जास्त. रत्नागिरीचा मुलगा आखातातून घरी पैसे पाठवतो तेव्हा ते प्रत्यक्षात समुद्र ओलांडत नाहीत. आमच्या बँकेचं परदेशी बँकेत नोस्ट्रो खातं असतं, तिथे एक नोंद पडते, निरोप येतो, इथे दुसरी नोंद पडते. मध्ये एखाददुसरी बँक असली की तीही आपली कात्री लावते. सगळ्यात मोठी कमाई मात्र डॉलरच्या भावातल्या फरकात लपलेली असते. पावतीवर "शुल्क शून्य" छापतात आणि भाव पन्नास-साठ पैसे कमी लावतात. ट्रेझरीत बसून मीही हे केलं आहे, नाकारत नाही. पैसे पाठवायला जगभरात सरासरी ६ टक्क्यांच्या वर खर्च येतो. स्टेबलकॉइन तेच काम काही मिनिटांत आणि किरकोळ खर्चात करतं. डॉलरचे रुपये करायला मात्र शेवटी कुठली तरी बँक लागतेच. इथे बँकांनी अंग झाडून कामाला लागायला हवं. यूपीआय आणि सिंगापूरची तशीच सोय पेनाऊ २१ फेब्रुवारी २०२३ ला जोडली गेली, ती दिशा बरोबर आहे, वेग कमी आहे.

अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये जीनियस कायदा करून स्टेबलकॉइनला मान्यता दिली, पण नाणं काढणाऱ्या कंपनीला त्यावर व्याज द्यायची मनाई केली. ही मनाई कोणाच्या काळजीपोटी आली असेल ते ओळखा. व्याज मिळालं तर लोक बचत खातं रिकामं करून नाण्यात जातील.

याच भीतीचं देशी रूप ई-रुपयात आहे. तुम्ही बचत खात्यातले १०० रुपये ई-रुपयाच्या वॉलेटमध्ये नेले की बँकेची ठेव शंभराने घटते आणि रिझर्व्ह बँकेचं देणं शंभराने वाढतं. एकट्या तुमच्यामुळे काही बिघडत नाही. पण अफवा पसरली आणि सगळ्यांनी मध्यरात्री तेच केलं तर? सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर निघाले, तेही ई-डॉलर नसताना. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यामागे फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. तेव्हा ठेवीचा विमा १ लाखाचा होता, फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाखांचा झाला. त्या ठेवीदारांच्या हातात आधीपासून ई-रुपया असता तर शाखेसमोर रांगसुद्धा दिसली नसती, एका रात्रीत ठेवी निघून गेल्या असत्या. म्हणून रिझर्व्ह बँक जपून पावलं टाकते: ई-रुपयावर व्याज नाही, आणि तो लोकांपर्यंत बँकांमार्फतच पोचतो. युरोपात डिजिटल युरोसाठी माणशी ३,००० युरोच्या मर्यादेची चर्चा याच कारणाने झाली.

या सावधपणाचा परिणाम असा की ई-रुपया कोणाला नकोसाही नाही आणि हवासाही नाही. किरकोळ वापराची चाचणी १ डिसेंबर २०२२ ला मुंबईसह चार शहरांत सुरू झाली. पुढे मीही वॉलेट घेतलं, त्यात ५०० रुपये भरले आणि दादरच्या मंडईत मेथी घ्यायला गेलो. तोवर यूपीआयचाच क्यूआर ई-रुपयालाही चालू लागला होता, तो स्कॅन केला. मी उत्साहाने म्हटलं, "मावशी, हा ई-रुपया आहे बरं का." मावशी पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याकडे बघत म्हणाल्या, "आवाज आला ना? झालं मग." पैसे त्यांच्या बँक खात्यातच गेले होते. माझ्याकडून नोट निघाली आणि त्यांच्याकडे ठेव पोचली, फरक दोघांपैकी कोणालाच जाणवला नाही.

मार्च २०२५ अखेर देशात सुमारे १,०१६ कोटींचे ई-रुपये होते. यूपीआयवर तेवढी रक्कम त्या वर्षी साधारण वीस मिनिटांत फिरत होती. साठ्याची तुलना प्रवाहाशी करू नये हे मान्य, पण आकार लक्षात यावा म्हणून सांगितलं. नायजेरियाची गत आणखी वाईट. त्यांनी २०२१ मध्ये ई-नायरा काढला, आणि नाणेनिधीच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार कुठल्याही आठवड्यात ९८.५ टक्के वॉलेट अस्पर्श पडलेली असायची. एल साल्वादोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, वॉलेट उघडणाऱ्याला ३० डॉलर फुकट दिले. लोकांनी ते ३० डॉलर खर्च केले आणि बहुतेकांनी विषय सोडला. २०२५ च्या सुरुवातीला सरकारनेच दुकानदारांवरची सक्ती काढली.

ई-रुपयाचं भविष्य मला दोनच जागी दिसतं. एक, नेटवर्क नसलेल्या ठिकाणी फोनला फोन लावून व्यवहार. दुसरं, ठरावीक कामालाच चालणारा पैसा, म्हणजे खताचं अनुदान खताच्याच दुकानात खर्च होईल असा. दुसऱ्याबद्दल माझ्या मनात धाकधूकही आहे. नोटेला ती कशावर खर्च होते हे कळत नाही, हा नोटेचा दोष नाही.

भारतातल्या कायद्याचं थोडक्यात: रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला ते परिपत्रक रद्द केलं, आणि एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागला. तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. कर लागला म्हणजे सरकारने शिक्कामोर्तब केलं, असा अर्थ काढू नका. शाखेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी मुदतठेव मोडून दरमहा ठरावीक परतावा सांगणाऱ्या एका क्रिप्टो योजनेत पैसे घातले. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा ते चिडले, म्हणून फॉर्मवर सही केली. योजना वर्षभरात बंद पडली. बुडीत बँकेत पाच लाखांपर्यंत विमा तरी मिळतो, तिथे त्यांना तक्रार कुठे करायची तेही कळेना. ती सही अजून आठवते.

मग बँकांच्या ठेवी घटतात अशी ओरड होते, त्या कोण नेतं? माझ्या ग्राहकांच्या ठेवी बिटकॉइनने नेल्या नाहीत, एसआयपीने नेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये एसआयपीतून येणारी रक्कम पहिल्यांदा महिन्याला २५,००० कोटींच्या वर गेली. पूर्वी पगारदार माणूस खात्यात वीस-तीस हजार सहज पडू द्यायचा. आमच्यासाठी तो सर्वांत स्वस्त पैसा, ज्याला आम्ही कासा म्हणतो. आता पाच तारखेला ते पैसे म्युच्युअल फंडात पोचलेले असतात. आणि ग्राहकाचं तोंड दिसायचं ते फोनपे आणि गुगल पेने नेलं. यूपीआयचे सुमारे ८० टक्के व्यवहार या दोन ॲपवरून होतात, दोन्ही बँका नाहीत. पैसा आमच्या नळातून वाहतो, तोटी त्यांच्या हातात आहे. उद्या तेच ॲप कर्जही दाखवायला लागतं, आणि कर्ज देणारी बँक कोणती हे ग्राहकाला हप्ता थकल्यावर कळतं.

तुमच्या परीक्षेचं म्हणाल तर तयारी सोडू नका. मात्र काउंटरवरची नोकरी डोळ्यांसमोर ठेवून येऊ नका. कॅशियर, पासबुक, डीडी ही कामं माझ्या डोळ्यांदेखत आटली. अधिकारी म्हणून लागलात आणि निवड करायची संधी मिळाली तर पतपुरवठा विभाग मागा, आणि पहिली दोन-तीन वर्षं ग्रामीण शाखेत काढायला कुरकुर करू नका. तिथे कर्जदाराने दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवर, म्हणजे मालाच्या यादीवर, विश्वास न ठेवता गोदामात जाऊन पोती मोजायला शिकाल. दुसरा पर्याय ट्रेझरी किंवा परकीय चलन, कारण स्टेबलकॉइनची लढाई तिथे होणार आहे.

आणि मुलाखतीत यूपीआय आणि ई-रुपया यांतला फरक विचारला, तर मेथीची गोष्ट सांगू नका. कोणाच्या ताळेबंदात कोणाचं देणं, तेवढंच सांगा.